प्रकाश नेमका कुठे अडला : बंगळुरूतील ऑप्टिकल फायबरची तपासणी

समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर, म्हैसूरच्या पठारावर वसलेल्या बंगळुरूला बंदर नाही. भारताला जगाशी जोडणाऱ्या समुद्राखालच्या केबल प्रामुख्याने मुंबई आणि चेन्नई येथे किनाऱ्याला लागतात. त्यामुळे ज्या शहराची रोजीरोटी परदेशाशी असलेल्या अखंड संपर्कावर चालते, त्याला तो संपर्क मिळवण्यासाठी आधी शेकडो किलोमीटर जमीन ओलांडावी लागते. १९८५ साली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकी कंपनीने येथे केंद्र उघडले, तेव्हा ही अडचण उपग्रहाने दूर केली होती; मात्र सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवरच्या भूस्थिर उपग्रहापर्यंत जाऊन खाली येण्यास संदेशाला पाव सेकंद लागतो, तर चेन्नईपर्यंतचे साडेतीनशे किलोमीटर अंतर प्रकाश काचेच्या तंतूतून दोन मिलिसेकंदांच्या आत कापतो. वेग आणि क्षमता या दोन्हींसाठी शहर उपग्रहाकडून तंतूकडे वळले, आणि त्याबरोबर बिघाडाची जागाही आकाशातून फुटपाथखाली आली.

या तंत्राचा भारतातील आरंभ मात्र महाराष्ट्रातला आहे. दोन टेलिफोन केंद्रांना जोडणारी देशातील पहिली प्रकाशीय तंतूची स्थानिक जोडणी १९७९ मध्ये पुण्यात सुरू झाली, आणि आज ज्या कारखान्यांत असा तंतू ओढला जातो त्यांतील एक मोठे केंद्र छत्रपती संभाजीनगरला आहे. त्यामागचे विज्ञान त्याहून जुने असून पंजाबातील मोगा येथे जन्मलेल्या नरिंदरसिंग कपानी यांनी हॅरल्ड हॉपकिन्स यांच्यासह १९५४ मध्ये तंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा नेण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. काच पुरेशी शुद्ध केली तर प्रकाश दूरवर नेता येईल, असे चार्ल्स काओ यांनी १९६६ मध्ये दाखवून दिले व त्यासाठी त्यांना २००९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आणि १९७० मध्ये कॉर्निंग कंपनीच्या संशोधकांनी तशी काच प्रत्यक्षात बनवली. आज रस्त्याखालून जाणाऱ्या तंतूचा मधला गाभा, ज्यातून प्रकाश वाहतो, केवळ ९ मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या नऊपट रुंद असतो. त्याभोवती काचेचेच १२५ मायक्रॉन व्यासाचे कवच असते आणि त्यावर रंगीत लेपाचा थर असतो. तपासणीत पुढे ज्या अडचणी येतात, त्यांतील बहुतेकांचे मूळ या नऊ मायक्रॉनमध्ये आहे.

तपासणीची भाषा डेसिबलची आहे. डेसिबल हे प्रकाशाचे माप नसून दोन मापांमधील प्रमाण आहे, हे आधी ध्यानात घ्यावे लागते : ३ डेसिबलची घट म्हणजे प्रकाश निम्मा झाला, १० डेसिबल म्हणजे दहावा भाग उरला आणि २० डेसिबल म्हणजे शंभरावा. एक मिलिवॉट ही शक्ती शून्य धरून केलेल्या मोजणीला डीबीएम म्हणतात, त्यामुळे उणे २७ डीबीएम म्हणजे जेमतेम दोन मायक्रोवॉट. बंगळुरूतील सदनिकांमध्ये पोहोचणाऱ्या बहुतेक फायबर जोडण्यांत टेलिफोन केंद्रातून निघालेला एकच तंतू वाटेत स्प्लिटर नावाच्या छोट्या, विजेशिवाय चालणाऱ्या डबीत ३२ किंवा ६४ घरांत विभागला जातो, आणि घरातील उपकरणाची ग्रहणशक्ती साधारण उणे २७ डीबीएमपर्यंतच असते. ३२ भागांत वाटणी केल्यानेच प्रकाश १५ डेसिबलने घटतो. स्प्लिटरची स्वतःची घट मिळवली की हा आकडा सतरा-साडेसतरावर जातो. त्यात चार किलोमीटर तंतूची किलोमीटरला पाव डेसिबलप्रमाणे एक, चार कनेक्टरांची प्रत्येकी अर्ध्याप्रमाणे दोन, आणि सहा जोडांची मिळून अर्ध्याहून थोडी अधिक घट धरली, तर बेरीज २१ डेसिबलच्या आसपास येते. केंद्रातून अधिक ३ डीबीएमने निघालेला प्रकाश म्हणजे घरात उणे १८ च्या सुमारास पोहोचायला हवा. हा हिशेब कागदावर आधी मांडलेला असेल तरच घरात दिसणारा उणे २४ हा आकडा काही सांगतो. अन्यथा इंटरनेट चालू आहे ना, एवढ्यावर सर्वांचे समाधान होते, आणि सहा डेसिबल, म्हणजे तीन चतुर्थांश प्रकाश, वाटेत कुठे गळतो आहे याची चौकशी पहिल्या मोठ्या पावसापर्यंत कोणी करत नाही.

प्रकाश किती उरला हे पॉवर मीटर सांगतो, तो कुठे गेला हे सांगत नाही. त्यासाठी ओटीडीआर हे यंत्र वापरतात. आडात खडा टाकून आवाज वर येईपर्यंतच्या वेळेवरून खोली ओळखावी, त्या जातीची ही युक्ती आहे. यंत्र तंतूत प्रकाशाचा अतिलघु स्पंद सोडते आणि परत येणाऱ्या क्षीण प्रकाशाची वेळ मोजते. परतीचा हा प्रकाश दोन प्रकारचा असतो. तंतू तुटला असेल किंवा कनेक्टर असेल तिथे काच व हवा यांच्या सीमेवरून स्पष्ट परावर्तन होते. आणि काचेतल्या अतिसूक्ष्म विषमतेमुळे प्रत्येक बिंदूपाशी थोडा प्रकाश सर्व दिशांना विखुरतो, त्यातला काही उलट फिरून यंत्राकडे येतो. या दुसऱ्या प्रक्रियेला रॅलेचे विकिरण म्हणतात. आकाश निळे दिसण्यामागे हेच विकिरण आहे. बंगळुरूत या विषयाला वेगळी जवळीक आहे, कारण प्रकाशाच्या विकिरणाचा ज्यांनी आयुष्यभर अभ्यास केला ते चंद्रशेखर वेंकट रामन १९३३ मध्ये येथील भारतीय विज्ञान संस्थेत आले आणि १९४८ मध्ये त्यांनी याच शहरात स्वतःची संशोधन संस्था उभारली. त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विकिरणात रंग किंचित बदलतो, आणि तंतूमध्ये त्याचे प्रमाण तापमानाप्रमाणे बदलत असल्याने आज बोगदे आणि वीजवाहिन्यांच्या कडेने टाकलेला तंतू तापमानमापक म्हणूनही वापरता येतो.

तंतूमध्ये प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे २ लाख ४ हजार किलोमीटर असल्याने एक किलोमीटर जाऊन परत येण्यास त्याला जवळजवळ १० मायक्रोसेकंद लागतात, आणि यावरून यंत्र पडद्यावर अंतर विरुद्ध प्रकाश असा आलेख काढते. डावीकडून उजवीकडे उतरत जाणारी सरळ तिरकी रेघ हा निरोगी तंतू. रेघेत आलेली छोटी पायरी म्हणजे जोड किंवा वाकलेली जागा. उंच टोक म्हणजे कनेक्टर. आणि जिथे रेघ एकदम खाली कोसळून गोंधळात विरते तिथे तंतू संपला, मग तो शेवट असो वा तुटलेली जागा. वाचन इतके सोपे वाटले तरी त्यात फसण्याच्या जागा आहेत. लांब स्पंद दूरवर पोहोचतो पण त्यात जवळजवळच्या दोन घटना एकमेकींत मिसळतात, आखूड स्पंद बारकावे दाखवतो पण लवकर दमतो; म्हणून अनुभवी तंत्रज्ञ एकच तंतू दोन-तीन वेगवेगळ्या स्पंदांनी तपासतो. यंत्राच्या अगदी तोंडाशी असलेल्या पहिल्या कनेक्टरच्या परावर्तनाने यंत्र क्षणभर आंधळे होते, त्यामुळे यंत्र आणि केबल यांच्यामध्ये काहीशे मीटर तंतूची गुंडाळी जोडून तो कनेक्टर पुढे ढकलावा लागतो. दोन वेगळ्या जातींचे तंतू जोडलेले असतील तर एका बाजूने पाहताना जोडापाशी प्रकाश वाढल्याचा भास होतो, जी गोष्ट शक्यच नाही. दोन्ही टोकांकडून मोजून सरासरी काढली की खरी घट हाती येते, मात्र यासाठी दुसऱ्या टोकाला माणूस पाठवावा लागत असल्याने घाईत ही पायरी बहुधा गाळली जाते.

तरंगलांबी बदलून केलेली मोजणी तर जवळजवळ निदानच करते. १३१० नॅनोमीटरचा प्रकाश गाभ्याला घट्ट चिकटून वाहतो, तर १५५० नॅनोमीटरचा थोडा पसरून वाहतो, त्यामुळे तंतू कुठे अरुंद वळणात दाबला गेला असेल तर लांब तरंगांचा प्रकाश तिथून अधिक गळतो. एखाद्या जागी १३१० वर घट किरकोळ आणि १५५० वर भरघोस दिसली, तर तिथे जोड वाईट नसून तंतू वाकलेला आहे : जॉइंट बॉक्सचे झाकण लावताना आत चिमटला गेलेला, किंवा खांबाला प्लॅस्टिकच्या पट्टीने करकचून आवळलेला. दोन्ही तरंगांवर घट सारखीच असेल तर दोष जोडात किंवा कनेक्टरात शोधावा.

इथपर्यंत काम यंत्राचे आहे आणि ते काही मिनिटांत होते. समजा यंत्राने तंतू २,३४० मीटरवर तुटल्याचे सांगितले; पण हे अंतर तंतूचे आहे, रस्त्याचे नव्हे. केबलच्या आत तंतू सैलसर व पीळ देऊन बसवलेला असतो, म्हणून त्याची लांबी केबलपेक्षा थोडी अधिक भरते; वाटेतल्या प्रत्येक चेंबरमध्ये, म्हणजे केबल हाताळण्यासाठी जमिनीखाली बांधलेल्या कप्प्यात, दुरुस्तीसाठी काही मीटरांची जादा गुंडाळी ठेवलेली असते; केबल फुटपाथ सोडून मध्येच पलीकडे जाते आणि पुन्हा इकडे येते. शिवाय यंत्रात काचेचा अपवर्तनांक बरोबर भरलेला हवा : १.४६८ ऐवजी १.४७५ भरला तर वीस किलोमीटरवर सुमारे ९५ मीटरची चूक होते, आणि दगडी जमिनीत ९५ मीटर खणणे म्हणजे गंमत नव्हे. म्हणूनच अंतर केंद्रापासून न मोजता जवळच्या ओळखीच्या खुणेपासून मोजण्याची रीत आहे. आलेखावर तुटीच्या आधीचा जोड २,१९५ मीटरवर दिसत असेल आणि तो जोड कोणत्या चेंबरमध्ये आहे हे नोंदवलेले असेल, तर शोध फक्त पुढच्या १४५ मीटरांत करायचा उरतो. सगळे या ‘नोंदवलेले असेल’वर अडते, आणि बंगळुरूत ते वरचेवर अडते.

याची कारणे शहराच्या घडणीत आहेत. लालबागेत उघडा दिसणारा, सुमारे तीन अब्ज वर्षे जुना नीस खडक शहराच्या बऱ्याच भागाखाली थोड्या खोलीवर लागतो. दूरसंचार खात्याच्या जुन्या मानकानुसार केबल १.६५ मीटर खोल जायला हवी, पण खडक लागला की खोली कमी होते, खर्च वाढतो आणि परवानगीला वेळ लागतो, त्यामुळे असंख्य केबल सरळ झाडांवरून आणि विजेच्या खांबांवरून ओढल्या गेल्या. पालिका व वीजवितरण कंपनी अधूनमधून अशा लोंबत्या केबल कापण्याची मोहीम काढतात. कापणाऱ्याला त्यातली चालू कोणती आणि मेलेली कोणती हे ओळखता येत नाही, कारण अनेकींवर मालकाचे नावही नसते. गुलमोहर, रेन ट्री आणि टॅबेबुया यांनी भरलेल्या रस्त्यांवर एप्रिल-मेमधील वळवाच्या पावसात फांद्या कोसळतात, तेव्हा एकाच फांदीबरोबर पाच-सहा कंपन्यांचे तंतू जमिनीवर येतात. जमिनीखाली असलेल्या केबल तरी सुरक्षित म्हणाव्यात, तर पाणीपुरवठा, सांडपाणी, वीज, गॅस आणि मेट्रो यांची खोदाई त्याच पट्ट्यात चालू असते. सप्टेंबर २०२२ मध्ये आउटर रिंग रोड आणि बेळ्ळंदूर परिसर पाण्याखाली गेला होता. काच पाण्याने लगेच बंद पडत नाही, पण अशा पुरात जॉइंट बॉक्समध्ये शिरलेला गाळ कनेक्टर खराब करतो आणि सतत ओला राहणारा ताणलेला तंतू कालांतराने तडकतो, त्यामुळे पुराचा बिघाड कधीकधी पूर ओसरल्यावर कित्येक महिन्यांनी उगवतो.

खोदाईच्या या रोगावर शहरात एक चांगला उपाय झाला. टेंडरशुअर नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीने विठ्ठल मल्ल्या रस्ता, रेसिडेन्सी रस्ता, कनिंगहॅम रस्ता असे काही रस्ते नव्याने बांधताना वीज, पाणी आणि केबल यांसाठी फुटपाथखाली स्वतंत्र डक्ट व ठरावीक अंतरावर चेंबर ठेवले गेले, म्हणजे नवी केबल टाकण्यासाठी रस्ता फोडण्याची गरज राहिली नाही. अशा रस्त्यावर यंत्राने सांगितलेले अंतर आणि जमिनीवरची जागा यांचा मेळ बसतो. अडचण एवढीच की असे रस्ते थोडे आहेत. देशपातळीवर मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप सुरू झाले, ज्यात खोदणाऱ्याने जागा नोंदवली की तिथे केबल असलेल्या कंपनीला सूचना जाते. बेफिकीर खोदाईमुळे देशात वर्षाला सुमारे ३ हजार कोटी रुपयांचे नुकसान होते, असे त्या वेळी केंद्र सरकारने सांगितले होते. ॲपचा हेतू उत्तम आहे, पण आपली केबल नेमकी कुठे आहे हे मालकालाच ठाऊक नसेल तर त्याला मिळालेल्या सूचनेचा उपयोग शून्य. त्यात सप्टेंबर २०२५ पासून शहराचा कारभार एका पालिकेऐवजी पाच पालिकांत विभागला गेल्याने एकाच केबलच्या मार्गाची कागदपत्रे आता दोन-तीन कार्यालयांत शोधावी लागू शकतात.

घरातल्या जोडणीचा बिघाड शोधताना मात्र यंत्राआधी तर्क चालवायचा असतो. राउटरजवळच्या डबीवर ‘लॉस’ असा लाल दिवा लागला, म्हणजे प्रकाश येत नाही. अशा वेळी पहिला प्रश्न शेजाऱ्यांचा : एकट्याचेच बंद असेल तर दोष स्प्लिटरपासून घरापर्यंतच्या तुकड्यात, त्या स्प्लिटरवरची सगळीच घरे बंद असतील तर स्प्लिटरच्या केंद्राकडील बाजूला. वीज गेल्यामुळे उपकरण बंद पडत असेल तर विझता विझता ते केंद्राकडे एक शेवटचा संदेश पाठवते, त्यामुळे केबल तुटली की वीज गेली हे केंद्रात बसूनही कळते. स्प्लिटरच्या पलीकडे केंद्राच्या बाजूने ओटीडीआर लावून फारसे हाती लागत नाही, कारण बत्तीसही फांद्यांचे प्रतिध्वनी एकमेकांवर चढतात. तिथे घराच्या बाजूने, आणि इतरांची सेवा चालू असेल तर १६२५ किंवा १६५० नॅनोमीटरच्या वेगळ्या तरंगावर मोजावे लागते. जवळच्या अंतरात तंत्रज्ञ लाल लेसरची पेनासारखी नळी लावतो; तंतू जिथे मोडला किंवा मुरगळला असेल तिथे आवरणातूनही लाल ठिपका दिसतो. वापरातला प्रकाश मात्र अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा असतो, म्हणून कनेक्टरच्या तोंडात डोकावून ‘लाइट येते का’ पाहणे ही या धंद्यातली सर्वांत वाईट सवय होय.

बिघाडांचा मोठा वाटा तुटण्याचा नसून घाणीचा असतो. नऊ मायक्रॉनच्या गाभ्यावर बसलेला धुळीचा एक कण प्रकाश अडवतो आणि समोरच्या कनेक्टरलाही ओरखडा पाडतो. बोटाचा तेलकट ठसा सूक्ष्मदर्शकाखाली सरळ दिसतो. तो विशेष कापडाने किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पुन्हा पाहिल्याशिवाय कनेक्टर जोडू नये. हिरव्या तोंडाचा कनेक्टर आठ अंशांनी तिरका घासलेला असतो आणि निळा जवळजवळ सपाट. हिरवा निळ्यात खुपसला तर तो बसतो, इंटरनेटही कधीकधी चालते, पण मध्ये राहिलेल्या फटीमुळे प्रकाशाचा मोठा भाग वाया जातो.

तुटलेली मोठी केबल जोडणे हे वेळखाऊ काम आहे. जागेवर छत्री किंवा तंबू उभारून केबलची आवरणे सोलतात, निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी या ठरलेल्या क्रमाने तंतू वेगळे करतात, प्रत्येकाचा लेप काढून तो पुसतात आणि क्लीव्हर नावाच्या कापणीयंत्राने त्याचे टोक काटकोनात छाटतात. या छाटणीत एका अंशाहून अधिक तिरकेपणा आला तर पुढचे सगळे श्रम फुकट. मग फ्यूजन स्प्लाइसिंग यंत्र दोन टोके समोरासमोर आणून विजेच्या ठिणगीने काच वितळवून एकजीव करते, आणि जोडावर संरक्षक नळी तापवून बसवली जाते. उत्तम जोडाची घट ०.०५ डेसिबलहूनही कमी असते. चेंबरमध्ये गुंडाळी शिल्लक असेल तर ती ओढून एका जागी जोड देऊन भागते. नसेल तर मध्ये नवा तुकडा घालून दोन्ही टोके जोडावी लागतात, म्हणजे ९६ तंतूंच्या केबलला १९२ जोड. काही मीटर केबल वाचवण्यासाठी गुंडाळी न ठेवणारा ठेकेदार पुढच्या प्रत्येक तुटीचे काम असे दुप्पट करून ठेवतो.

मोठ्या कंपन्या आणि माहिती केंद्रे यावर उतारा म्हणून दोन वेगळ्या मार्गांनी जोडणी घेतात, म्हणजे एक मार्ग तुटला तर वाहतूक क्षणार्धात दुसऱ्यावर वळते. नकाशावर हे दोन मार्ग दोन दिशांना जाताना दिसतात, पण ओढ्यावरचा एखादा पूल किंवा रेल्वेखालचा एखादा मार्ग ओलांडताना ते एकाच चरात शेजारी शेजारी पडलेले असल्याचे अनेकदा दोन्ही एकदम तुटल्यावरच कळते. अशी जागा कोणतेही यंत्र दाखवू शकत नाही. ती मार्ग पायी चालून आणि प्रत्येक चेंबर उघडूनच सापडते.

म्हणून या क्षेत्रातील सर्वांत मोलाची तपासणी केबल तुटल्यावर नव्हे, तर ती टाकली त्या दिवशी होते. ड्रमवर असताना, जमिनीत गेल्यावर आणि सर्व जोड झाल्यावर दोन्ही तरंगांवर काढलेले आलेख, प्रत्येक चेंबरचे स्थान आणि त्यातील गुंडाळीची लांबी यांची नोंद जवळ असेल, तर बिघाडाच्या दिवशी नवा आलेख जुन्यावर ठेवून फरक वाचणे एवढेच काम राहते. सदनिकांच्या संघटनांनीही हे लक्षात घ्यावे आणि इमारतीत नवी फायबर जोडणी घेताना प्रत्येक मजल्यावरील प्रकाशाचे डीबीएममधील वाचन, ओटीडीआरच्या आलेखाची फाइल आणि केबल कोणत्या चेंबरमधून, कोणत्या शाफ्टमधून वर आली याचा आराखडा ठेकेदाराकडून लेखी मागून घ्यावा, आणि तो हाती आल्यावरच शेवटचा हप्ता चुकता करावा.